स्टॉलचे तोंड समुद्राकडे नको

महोदय,

दिवाळीची सुट्टी लागली की किनाऱ्यावर पुळणीत महोत्सवांचे मांडव उभे राहतात. चित्रकथी (गोष्ट सांगण्यासाठी काढलेली पारंपरिक चित्रे), गंजिफा (हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते), सावंतवाडीची लाकडी फळे विकणाऱ्यांचे स्टॉल मात्र देखावा चांगला दिसतो म्हणून समुद्राकडे तोंड करून लावले जातात. आयोजकांनी हे थांबवावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

दुपारचा खारा वारा पश्चिम-वायव्येकडून येतो आणि तीन-चारला जोर धरतो. पुढून उघडा, मागून बंद अशा स्टॉलच्या पोटात तो शिरतो आणि छत वर उचलतो. ऑक्टोबरातला गडगडाटी पाऊस मात्र बहुतेक वेळा सह्याद्रीवर जमून घाटाकडून उतरतो. सगळ्यांची नजर समुद्रावर, आणि पहिला झोत आदळतो पाठीवर! म्हणून ओळी पूर्व-पश्चिम आखाव्यात, तोंडे दक्षिणेला ठेवावीत. बाजूचे पडदे झटक्यात गुंडाळता येतील असे बांधावेत. शिवून टाकू नयेत.

१० बाय ७ फुटांच्या बंद पडद्यावर ताशी ४० किलोमीटरचा वारा साधारण ५० किलोचा रेटा देतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. त्यापुढे पाण्याच्या चार बाटल्या लटकवून काय होणार? प्रत्येक पायाला किमान २० किलो वजन हवे. रंगाची २० लिटरची रिकामी बादली ओल्या वाळूने भरली की ३५ किलोच्या आसपास भरते. ती जमिनीवर टेकलेली असावी आणि दोरी छताच्या कोपऱ्यापासून ताठ खाली यावी. अधांतरी बादली झोके घेते आणि पायच वाकवते. पुळणीत फूटभर लांबीची खुंटी पहिल्याच हिसक्याला उपटते. त्याऐवजी वाळूची गोणी मधोमध बांधून दोन फूट खोल पुरावी आणि ताण तिरका द्यावा. नायलॉनची दोरी भिजली की सैल पडते, तेव्हा पहिल्या सरीनंतर सगळे ताण पुन्हा आवळावेत.

छताला झोळ पडू देऊ नये. एक चौरस मीटरवर पाच सेंटिमीटर पाणी साचले तर ५० किलो होते आणि पाइप तिथेच मुडपतो. मधोमध बांबू देऊन उतार काढावा. माडाखाली स्टॉल नकोच. वाऱ्यात झावळी आणि नारळ दोन्ही पडतात.

कागदाच्या चित्रांचे खरे नुकसान पावसापेक्षा दमटपणाने होते. संध्याकाळची दमट हवा प्लॅस्टिकमध्ये बंद झाली की रात्रीच्या गारव्यात आतून पाणी सुटते, मग बुरशीचे ठिपके. आधी बटर पेपर, त्यावर कोरडे सुती कापड, सर्वांत बाहेर प्लॅस्टिक. फ्रेमच्या काचेला चित्र चिकटू नये म्हणून मध्ये माउंटची (जाड पुठ्ठ्याची) पट्टी हवी. भिजलेली लाकडी फळे उन्हात ठेवू नयेत, तडे जातात. सावलीत वाऱ्यावर सुकवावीत.

वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर माल झाकत बसू नये. लोखंडी पाइप सोडून पक्क्या इमारतीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबावे. ती इमारत कोणती आणि तिची किल्ली कोणाकडे, हे आयोजकांनी स्टॉलचे भाडे घेतानाच सांगावे.

– किनाऱ्यावर स्टॉल लावणारे हस्तकला विक्रेते, सिंधुदुर्ग