आप्पांची विहीर

लातूर,
२१ ऑक्टोबर

प्रिय बापू,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळे बरे आहेत. अण्णांचा गुडघा आहे तसाच, माझी शुगर काठावर, हिची पाठ थंडी पडली की पुन्हा धरेल. झालं तब्येतीचं. फोन केला असता, पण फोनवर तू मधेच तोडतोस, मग मी चिडतो, आणि आज मला चिडायचं नाही. दोन वर्षं आपण धड बोललो नाही. का, ते तुला माहीत आहे, मलाही. त्यावर येतो. पण आधी माशांच्या टाकीचं सांगावं लागेल, कारण सगळं तिथून निघालं.

टाकी आणली शेवटी. दोन फुटी, ५६ लिटरची, खाऱ्या पाण्याची. नववीच्या सहलीपासून डोक्यात होती. लोणारच्या काठावर तू पाणी जिभेला लावलंस, थू थू केलंस आणि गुरुजींना विचारलंस, "यात मासा ऱ्हातो का?" ते म्हणाले, समुद्रात राहतो, यात नाही, हे नुसतं खारं नाही, सोड्यासारखं आहे. परतीच्या एस्टीत आपण समुद्राबद्दलच बोलत होतो आणि दोघांनीही तो बघितलेला नव्हता. आता तुला तो खिडकीतून दिसतो. माझ्याकडं ५६ लिटर आहे, बैठकीत, टीव्हीच्या जागी. टीव्ही आतल्या खोलीत गेला म्हणून ही आठ दिवस बोलत नव्हती. आता तीच रात्री दिवा बंद करायला उठते.

मीठ कुरिअरनं मागवलं. आपलं जेवणातलं चालत नाही. मॅग्नेशियम, कॅल्शियम सगळं त्यात मापात लागतं. लिटरला साधारण ३५ ग्रॅम पडतं, म्हणजे टाकीला दोन किलो. विशिष्ट गुरुत्व १.०२५ आलं पाहिजे. त्यासाठी छोटी दुर्बिणीसारखी नळी मिळते, काचेवर दोन थेंब टाकायचे आणि उजेडाकडं धरून बघायचं. आणि एक गोष्ट मला आधी उमगली नव्हती. टाकीतलं पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणून रोज जेवढं पाणी कमी होईल तेवढं गोडं पाणी घालायचं, खारं नाही. ऑक्टोबरच्या या उकाड्यात, वर पंखा लावलेला, रोज लिटरभर जातं. तेवढं आरओचं पाणी घालतो. आरओच्या एका लिटरामागं दोन-तीन लिटर नळीतून वाहून जातं. ते बादलीत धरतो, फरशीला वापरतो, कुंड्यांना घालतो. २०१६ विसरलेलो नाही. मांजरा धरणाचा तळ उघडा पडलेला, पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम, आणि एप्रिलात मिरजेहून आलेली ती पहिली रेल्वे, १० वाघिणी, ५ लाख लिटर. स्टेशनवर माणसं हात जोडून उभी होती. त्या शहरात मी शोभेसाठी पाणी भरतोय, हे मला रोज टोचतं.

तर टाकी भरली म्हणून मासा सोडता येत नाही. नव्या टाकीत मासा कल्ल्यांतून जो अमोनिया सोडतो, विष्ठेतून जो होतो, तो खाणारं कोणी नसतं, आणि मासा आपल्याच घाणीत मरतो. आधी जंतू वाढवावे लागतात. एका जातीचे जंतू अमोनियाचं नायट्राइट करतात, ते सुद्धा विषच. दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते मासा बराच सोसतो. पण नायट्रेटच्या पुढं टाकीत कोणी घेणारं नसतं. ते साठत जातं. म्हणून थोडं थोडं पाणी बदलत राहायचं. हे सगळं बसायला महिना, कधी दीड महिना लागतो, आणि तोवर माशाशिवाय जंतूंना अमोनिया पुरवायचा.

तो कशाचा पुरवला माहीत आहे? नवसागराचा! अमोनियम क्लोराइड म्हणजे तोच. तुझ्या ओसरीसमोर कल्हईवाला भाता लावून बसायचा, तापल्या परातीत नवसागराची चिमूट टाकून कापसानं कथील फिरवायचा, आणि पांढरा धूर निघाला की आपण दोघं त्यात तोंड घालायला धावायचो. माईचा धपाटा कायम तुला बसायचा, मला पाहुण्याचा मान. कल्हईचा नवसागर शुद्ध नसतो म्हणून मी रसायनांच्या दुकानातून घेतला, कॉलेजच्या काट्यावर तोलला. लिटरला २ मिलिग्रॅम अमोनिया होण्यासाठी सगळ्या टाकीला ग्रॅमचा तिसरा हिस्सा पुरला. बाटलीचं झाकण उघडलं आणि धुराशिवाय ओसरी आठवली.

मग रोज संध्याकाळी तपासणी. ५ मिलिलिटर पाणी काचेच्या नळीत, त्यात बाटल्यांतले थेंब, पाच मिनिटं थांबायचं, रंग तक्त्याशी जुळवायचा. अमोनियाचा पिवळा, जास्त असेल तर हिरवा. नायट्राइटचा आकाशी, वाढला की जांभळा. पहिले नऊ दिवस हिरवाच. दहाव्या दिवशी हिरवा फिकटला आणि दुसऱ्या नळीत जांभळा उतरला. मी हिला स्वयंपाकघरातून हात धरून आणलं. दिसत काहीच नव्हतं, काच स्वच्छ, पाणी स्वच्छ, दगड नुसते पडलेले, आणि तरी तिथं लाखो जीव कामाला लागले होते. बापू, तीस वर्षं मी पोरांना प्रयोगाला बाटल्या काढून देतोय. पण स्वतःच्या घरात असं काही घडताना पहिल्यांदा बघितलं.

तिसरी तपासणी नायट्रेटची. तिचा निकाल मला लागेना. तिच्या दुसऱ्या बाटलीत तळाला साका बसतो, ती अर्धा मिनिट जोरात हलवली नाही तर रंग खोटा येतो. शिवाय पाण्यात नायट्राइट जास्त असेल तर नायट्रेटचा आकडा उगीच फुगतो. म्हणून मी ठरवलं, आधी टाकी सोडून दुसऱ्या पाण्यांवर बाटली पारखून घेऊ. आरओचं पाणी घेतलं, पिवळं, म्हणजे शून्य. नळाचं घेतलं, जरा केशरी. तिसरं हाताशी होतं ते अण्णांच्या कॅनमधलं. तुला माहीत आहे, अण्णा लातुरात येऊन अकरा वर्षं झाली तरी पाणी तुमच्याच विहिरीचं पितात. दर पंधरवड्याला मी दोन कॅन भरून आणतो.

ते लाल झालं.

लाल म्हणजे डाळिंबाच्या दाण्यासारखं. तक्त्यावर ८० आणि १६० च्या मधे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नसावं, असं आपलं भारतीय मानक सांगतं. मला वाटलं नळी खराब. आरओच्या पाण्यानं धुतली, परत केलं. लाल. कॅन खराब म्हणून दुसऱ्या दिवशी कॉलेजातून हाफ डे टाकून गावी गेलो, विहिरीतून स्वतः पोहऱ्यानं काढलं, शाळेजवळच्या हातपंपाचंही घेतलं. घरी येऊन दोन नळ्या शेजारी ठेवल्या. हातपंपाची केशरी, विहिरीची लाल. रात्री एक वाजेपर्यंत मी त्या दोन नळ्यांसमोर बसून होतो.

७२ च्या दुष्काळात तुझ्या आज्यानं खणलेली विहीर. मिलो आणि सुकडी खाऊन माणसांनी फोडलेला तो काळा दगड. २०१६ ला सगळ्या गावचे बोअर आटले तेव्हा गुडघाभर का होईना, तिला पाणी होतं. तुझ्या आप्पांनी मोटर काढून ठेवली, स्वतःच्या उभ्या उसाचं पाचट होऊ दिलं, आणि काठावर बाज टाकून रात्रभर बसले, घराला चार घागरी, कोणाला पाच नाही, कोणाला तीन नाही. आमच्या घरच्या चार मीच शेंदत होतो. त्या पाण्याला मी वाईट म्हणू कसा?

पण बापू, टाकीत जे घडतं तेच तिथं घडलंय. गोठ्यातलं मूत, उकिरड्यातलं शेण, त्यातला अमोनिया मातीतले जंतू खातात आणि शेवटी नायट्रेट उरतं. उसाला टाकलेला युरियाही त्याच वाटेनं जातो. वरच्या अंगाला नवे संडास झाले, त्यांचे शोषखड्डेही. पिकाला लागेल तेवढं पीक घेतं, बाकीचं पावसाच्या पाण्याबरोबर मुरमातून, दगडाच्या भेगांतून खाली उतरतं. टाकीचं पाणी मी बदलू शकतो. विहिरीचं कोण बदलणार?

आणि आता ते, ज्यासाठी दोन वर्षं गेली. आप्पांनी गोठा विहिरीच्या वरच्या अंगाला हलवायचा काढला तेव्हा तू एकटा नको म्हणत होतास. "उताराचं सगळं विहिरीत येईल," हे तुझे शब्द. मी आप्पांच्या बाजूनं बोललो. म्हणालो, हा कोकणात बसून आम्हाला शेती शिकवतो. चार माणसांत म्हणालो. तुझं तोंड पडलेलं मला दिसलं, तरी मी थांबलो नाही. तू बरोबर होतास. मी रसायनाच्या प्रयोगशाळेत भाकरी खाणारा माणूस, हे मला कळायला हवं होतं, आणि मी तुला परका ठरवलं. माफी माग असं तू कधी म्हणाला नाहीस. मी मागतोय.

खरी भीती वेगळी आहे. तुझ्या धाकट्या भावाचं लेकरू आता अडीच महिन्यांचं. वहिनीला दूध कमी, म्हणून वरची पावडर चालू आहे, आणि ती कालवतात विहिरीच्या पाण्यात. उकळून घेतात, मोठ्या काळजीनं, दहा दहा मिनिटं. उकळून जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं आणि ते घट्ट होतं, टाकीतल्या मिठासारखं. मोठ्या माणसाला एवढा धोका नाही. पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात त्याचं नायट्राइट होतं, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला धरतं, आणि रक्त ऑक्सिजन पोचवेनासं होतं. ओठ, नखं निळी पडतात.

घाबरू नकोस. मी त्याच दिवशी वहिनीला जारचं पाणी नेऊन दिलं. जारसुद्धा आधी तपासला, फिकट पिवळा आला. बाळाला डॉक्टरांना दाखवलं. ओठ गुलाबी आहेत, वजन वाढतंय, माझं बोट धरलं तर सोडत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, विहिरीचं पाणी बाळाला बंद. वहिनीनं ऐकलं. पण आप्पांना कोणी सांगितलं नाही. मी ओसरीवर बसून दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा त्यांनी चहा मागवला. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "औंदा पाणी काठाला आलंय बघ," आणि मला उठून विहीर दाखवायला घेऊन गेले. काठावर उभं राहून माझ्यानं बोलवेना.

हे तू सांगायला हवंस. माझ्याकडून ऐकलं तर त्यांना वाटेल, ज्यांच्या घागरी भरल्या तेच आता नावं ठेवतायत. पाण्याचा नमुना मी भूजल सर्वेक्षणच्या जिल्हा प्रयोगशाळेत दिलाय, कारण माझ्या नळ्या माशांसाठी आहेत, रंगावरून अंदाज देतात. कागद आला की फोटो पाठवतो, तो हातात धरून बोल. आप्पांना हेही सांग की विहीर वाया गेली नाही. उसाला, ज्वारीला तेच पाणी चालतं, युरिया उलट कमी लागेल. फक्त पिण्याचं सोडायचं, आणि गोठा, उकिरडा खालच्या अंगाला न्यायचा. दिवाळीत मी येतो, आपण दोघं मिळून हलवू. छपराचे पत्रे माझ्याकडून.

तुझं कसं आहे? ताईची दहावी ना यंदा? तिला म्हणावं विज्ञानाचं काही अडलं तर काकाला फोन कर. फ्लॅटचा ताबा मिळाला का? बदलीचं काय झालं? सगळं सविस्तर कळव. आणि येताना एक बाटली समुद्राचं पाणी आण. माझ्या नळीत ते किती दाखवतं ते बघायचंय. काल रात्री नवसागर घातला होता, आज संध्याकाळी अमोनिया शून्य आला. नायट्राइट अजून जरा जांभळं आहे. तेही चोवीस तासांत शून्यावर आलं की दोन क्लाउनफिश आणीन, समुद्रातून धरलेले नाही, टाकीत पैदास केलेले. तू आल्यावर सोडू.

आप्पांना फोन करण्याआधी मला कर. रात्री दहानंतर, अण्णा झोपले की. त्यांनाही मी सांगितलेलं नाही. गेल्या बुधवारपासून त्यांच्या कॅनमध्ये जारचं पाणी भरून ठेवतोय. आज जेवताना तांब्या खाली ठेवून म्हणाले, "विहीर ती विहीर."

तुझा,
बाळ्या