आधीच्या घरमालकाला फोन कराच

महोदय,

फोंड्यातील आमच्या घराची वरची खोली मी बारा वर्षे भाड्याने देते. पहिल्या भाडेकरूला दलालाच्या शब्दावर चावी दिली. चार महिन्यांचे वीजबिल थकवून, भिंतीत खिळ्यांची चाळण करून तो रातोरात गेला. आता आधार कार्ड, नोकरीचे पत्र पाहते आणि आधीच्या घरमालकाला स्वतः फोन करते. 'बिल वेळेवर भरायचा का?' यावर तो क्षणभर अडखळला, की मला काय ते कळते. अकरा महिन्यांचा करार आणि पोलीस स्थानकात पडताळणीचा अर्ज, दोन्ही चुकवत नाही. मात्र 'भायलो' (बाहेरचा) म्हणून कुणाला दारातूनच परतवणे मला अजिबात पटत नाही. सध्या ओडिशाची एक नर्स राहते. जुलैत कौलांतून गळती लागली, तेव्हा बादली लावून तिने आधी मला हाक मारली.

— एक घरमालकीण, फोंडा