अँटेना मोजून वाय-फाय घेऊ नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ठाण्यात मी १२ वर्षे नेटवर्क बसवायचे काम करतो. मध्यंतरी कळव्यातल्या एका शाळेने बोलावले. चाचणी संपली की ४० मुले टॅबवरून उत्तरपत्रिकेचे फोटो एकदम पाठवतात आणि बरेच फोटो मधेच अडकतात. मी गेलो तेव्हा तिसऱ्या बाकावरची मुलगी दोन्ही हातांनी टॅब डोक्यावर धरून राउटरकडे तोंड करून उभी होती. फोटो गेला नाही तर शून्य मिळेल, या भीतीने तिचे डोळे भरले होते.

राउटर चांगला महागाचा, आठ अँटेनांचा. पण वाय-फाय ५ चा, म्हणजे वाय-फायच्या आधीच्या पिढीचा. तो अनेकांना एकदम माहिती देऊ शकतो, अनेकांकडून एकदम घेऊ शकत नाही. प्रत्येक टॅब कानोसा घेतो, कोणी बोलत नसेल तर जरा थांबून बोलतो, म्हणजे आपली माहिती पाठवतो. ४० जण असे टपून बसले की दोघेतिघे एकाच वेळी बोलतात, कोणाचेच धड ऐकू येत नाही आणि पुढच्या खेपेची वाट आणखी लांबते.

वाय-फाय ६ मध्ये राउटरच पुकारा करतो: कोणी बोलायचे, किती वेळ, किती जोराने. पुकारा संपताच १६ मायक्रोसेकंदांनी नेमलेले टॅब एकदम बोलतात. पुढच्या बाकाने आवाज बेताचा ठेवायचा, नाहीतर शेवटचा बाक दबतो. प्रत्येक टॅबचा सिग्नल कसा पोचतो हे राउटरने मोजलेले असते. त्यामुळे चार अँटेनांवर आलेली चार टॅबची सरमिसळ तो सोडवतो, आपण दहावीत दोन समीकरणांतून दोन अज्ञात संख्या काढायचो तशी.

मात्र खोक्यावर 'वाय-फाय ६' दिसले म्हणून निर्धास्त होऊ नये. २०१९ मध्ये त्याचे प्रमाणीकरण सुरू झाले तेव्हा अनेक अँटेनांनी एकदम ऐकण्याची ही तपासणी त्यात नव्हती. ती २०२२ च्या दुसऱ्या टप्प्यात आली. शिवाय टॅबही त्याच पिढीचे हवेत. जुन्या टॅबला पुकारा कळतच नाही.

शाळांच्या खरेदी समित्यांना माझी कळकळीची विनंती आहे. अनेक टॅबचे एकदम ऐकण्याच्या या सोयीचे नाव 'अपलिंक मल्टियूजर मायमो'; कोटेशनमध्ये हे शब्द लिहून घ्या. पैसे देण्याआधी विक्रेत्याला भरल्या वर्गात बोलवा आणि सगळ्या टॅबवरून एकदम फोटो पाठवून दाखवायला सांगा.

कळव्याच्या त्या शाळेत तूर्त एकेका रांगेला दोन-दोन मिनिटे वाटून दिली आहेत. मुख्याध्यापिकाबाईंनी रांगांचे वेळापत्रक स्वतः लिहून फळ्याशेजारी लावले आहे.

आपला,
एक नेटवर्क तंत्रज्ञ, कोपरी, ठाणे (पूर्व)