सिस्टरबाई, ही साक्ष तुमच्याबद्दल

सिस्टरबाई,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

नाव लिहिलेलं तुम्हाला खपणार नाही, म्हणून लिहीत नाही. आपल्या मंडळीत ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. नाताळात आणलेलं लुगडं तुम्ही दोन दिवसांत कुणाला तरी देऊन टाकलंत. उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे देवाने कसं सावरलं ते सगळ्यांसमोर सांगायला, उठत होतो, तर बाही धरून खाली बसवलंत. "आधी झोप नीट लागू दे, मग साक्ष." आता झोप लागते. बरीचशी. म्हणून हे पत्र, आणि उघडं.

2023 च्या फेब्रुवारीत आई गेली. रात्री साडेदहाला म्हणाली, मळमळतंय, जबडा ठणकतोय, घाम येतोय. सकाळी सहाला शाळेची व्हॅन काढायची होती. मी लिंबू-सोडा करून दिला आणि म्हटलं, पित्त असेल, झोप. पहाटे बायको चहा घेऊन गेली तेव्हा सगळं संपलं होतं.

त्यानंतर एक वाक्य डोक्यात शिरलं ते निघेना. "आईला तू मारलंस." गिअर टाकताना, पोरं उतरवताना, प्रभुभोजनाच्या रांगेत. रात्री पावणेतीनला तर ठरल्यासारखं. पुढे त्याला फाटे फुटले. तू बाप म्हणून नालायक, तुझ्या व्हॅनमध्ये लोकांची पोरं बसतात हीच चूक, तू नसलेला बरा. मळ्यातल्या विहिरीकडे जायचं मी बंद केलं होतं. का, ते घरात कुणाला सांगितलं नाही. तुम्ही मात्र भेटलो त्या पहिल्याच दिवशी सरळ विचारलंत, "जीव द्यायचं मनात येतं का?" एवढ्या महिन्यांत हे विचारणारं माणूस तुम्हीच.

मला वाटलं होतं आता बायबलची वचनं सुरू होतील. तुम्ही उठलात आणि भाकरी टाकलीत. मी खाईपर्यंत समोर बसून मेथी निवडत राहिलात. मग म्हणालात, एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर दिली, पाणी दिलं आणि पुन्हा झोपू दिलं. मग पुन्हा उठवून खाऊ घातलं. हा भाग मी संडे स्कूलपासून ऐकत आलोय. भाकर मात्र त्या दिवशी पहिल्यांदा दिसली.

लोक म्हणायचे, तुझा काही दोष नाही रे. त्याने काडीचा फरक पडला नाही, कारण मला ते खोटं वाटायचं. तुम्ही नर्स म्हणून वॉर्डात हयात काढलेली. तुम्ही म्हणालात, "उशीर झाला, हे खरं. बायकांचा ॲटॅक असा छातीत न दुखतासुद्धा येतो. पित्त समजून घरी बसलेली किती तरी माणसं मी पाहिलीत. पण तू मारलंस, हे खोटं. खरं ते रड. खोटं ते वहीत घाल."

वही म्हणजे माझ्या पोरीची उरलेली दुरेघी. प्रेषित पौल म्हणतो विचार कैद करा, ही त्याची कोठडी. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे विचार जसा आला तसा, उजवीकडे साक्षीदार. बायबलात अनुवाद नावाचं पुस्तक आहे, त्याच्या 19 व्या अध्यायात नियम आहे, एकाच साक्षीदारावर कुणाला दोषी धरायचं नाही, दोन किंवा तीन हवेत. माझं पहिलं पान अजून आहे:

"आईला मी मारलं." साक्षीदार: मी. एकच.

"सोडा पिऊन आई म्हणाली, बरं वाटतंय, तू जा झोप." साक्षीदार: मी, बायको. दोन.

आई असं म्हणाली होती हे मी साफ विसरलो होतो. बायकोला विचारल्यावर आठवलं. त्या रात्री वही मांडीवर घेऊन मी जो रडलो, तेवढा मातीलाही रडलो नव्हतो.

मधे माझ्याकडून घोळ झाला, तोही सांगतो. एका प्रार्थनासभेत कुणीतरी डोक्यावर हात ठेवून म्हणालं, तुझा विश्वास कमी पडतोय, गोळ्या सोड. तुम्हीच बरोबर येऊन सिव्हिलच्या मानसोपचार विभागात दाखवलं होतं, गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात हेही बजावलं होतं. तरी मी नऊ दिवस बंद केल्या. तेव्हाच काय ते तुम्ही माझ्यावर चिडलात. "लूक कोण होता? वैद्य! पौल वैद्याला बरोबर घेऊन फिरतो आणि तू मोठा शहाणा?" मग आमच्या कॅलेंडरवर खडूने 14416 लिहिलंत, मनाच्या आजारासाठीच्या टेली मानसचा सरकारी नंबर, चोवीस तास चालू, पैसे पडत नाहीत. म्हणालात, मी म्हातारी, रात्री फोन उचलला नाही तर इथे लाव. दोनदा लावलाय.

प्रार्थना जमेना तेव्हा बायबलातलं 88 वं स्तोत्र वाचून घेतलंत. त्याचा शेवट अंधारातच होतो, पुढे दिलासा-बिलासा काही नाही. असलं स्तोत्रही शास्त्रात ठेवलंय, याचाच मला आधार वाटला.

पण सगळ्यात खोल गेला तो एक शब्द. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, सैतानाला म्हटलंय "दोष देणारा", आपल्यावर रात्रंदिवस दोषारोप करणारा. (पावणेतीनची पाळी त्याचीच असणार.) आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या 14 व्या अध्यायात पवित्र आत्म्याला आपल्या मराठी बायबलात शब्द आहे कैवारी. तुम्ही विचारलंत, कैवार घेणं म्हणजे काय, ठाऊक आहे का? मला न ठाऊक असायला काय झालं! दादा छडी घेऊन आले की आई मधे उभी राहायची, पदर खोचून. दादा ओरडायचे, "तू त्याचा कैवार घेऊ नकोस!" ती घ्यायचीच. चूक माझी आहे हे माहीत असूनही घ्यायची. हे मी तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही मेथीची जुडी खाली ठेवलीत. काहीच बोलला नाहीत.

ते वाक्य अजून येतं. परवाच आलं, नगर-मनमाड रोडला, ट्रकच्या मागे अडकलो होतो तेव्हा. पण आता ते आलं की आईसुद्धा येते, पदर खोचून.

तिसरी वही संपत आलीय. शनिवारी शाळा अर्धी असते, पोरं सोडली की येतो. मेथी मी आणतो, निवडायची तुम्ही.

तुमचा,
व्हॅनवाला