सोडलेल्या ट्राउटला लांबीची अट कशासाठी?

मा. संपादक,
स.न.

ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाच्या लांबीच्या अटीवरचा, म्हणजे ठरावीक मापाहून आखूड मासा नेता येणार नाही या नियमावरचा, लेख कालच्या अंकात वाचला. लेखकाच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण '३० सेंटीमीटरच्या आतला प्रत्येक मासा परत सोडा, तो वाढेल आणि अंडी घालेल' हे वाक्य ठळक चौकटीत छापण्याआधी कुणा जाणकाराच्या नजरेखालून जायला हवे होते. ज्या पाण्यावरून हा वाद पेटला आहे तिथले ट्राउट निसर्गात जन्मलेले नाहीत. ते मत्स्यबीज केंद्रात वाढवून, गळाला लागावेत म्हणूनच आणून सोडलेले आहेत. त्या एका वाक्यावर अख्खा लेख उभा आहे आणि ते वाक्यच चुकीचे आहे.

रेनबो ट्राउट १० ते १५ अंशांच्या पाण्यात, भरपूर खाद्यावर, साधारण वर्ष-दीड वर्षात २५ सेंटीमीटरच्या आसपास जातो. केंद्रात वेळोवेळी प्रतवारी करावी लागते, कारण मोठे मासे लहानांना खाद्याजवळ येऊ देत नाहीत आणि संधी मिळाली तर त्यांनाच खातात. त्यामुळे एका खेपेतले मासे जवळजवळ एकाच मापाचे असतात, समजा २४ ते २८ सेंटीमीटर. आता या खेपेला ३० सेंटीमीटरची अट लावा, एकही मासा कुणाला नेता येणार नाही. २३ ची लावा, सगळेच नेता येतील. लांबीची अट काही मासे वाचवते आणि काही नेऊ देते, ती पाण्यात सगळ्या वयांचे आणि मापांचे मासे असतील तेव्हा. इथे ती एक तर सगळे दार बंद करते किंवा सताड उघडते.

'मग थांबा, वाढू द्या', असे लेखक म्हणतो. २५ सेंटीमीटरचा ट्राउट साधारण १७० ग्रॅम भरतो, ३० सेंटीमीटरचा सुमारे ३०० ग्रॅम. पाच सेंटीमीटर वाढायला त्याला आपल्या वजनाच्या पाऊणपट भर घालावी लागते. थंड, उथळ, वाहत्या पाण्यात एवढे खाणार काय? केंद्रात वरून गोळ्या पडायच्या. सावली दिसली की पृष्ठभागाकडे धावायचे एवढेच त्याला ठाऊक. जंगली ट्राउट दगडाच्या आडोशाला, संथ पाण्यात राहून प्रवाहातून येणारे किडे टिपतो आणि ताकद राखतो. सोडलेला मासा भर प्रवाहात ताकद घालवत राहतो, त्यामुळे दिवसेंदिवस वाळतो. बगळे, खंड्या आणि पाणमांजरे उरलेले काम करतात. अशा पाण्यात सोडलेल्या माशांपैकी पुढचा हंगाम पाहणारे फार थोडे.

अंड्यांचे तर नावच नको. आज कितीतरी ठिकाणी मुद्दाम वांझ केलेले ट्राउट सोडतात. अंडी फळल्यावर साधारण २० मिनिटांनी ती २६-२७ अंशांच्या पाण्यात आणखी २० मिनिटे ठेवतात किंवा त्यांच्यावर मोठा दाब देतात. त्यातून गुणसूत्रांचे तीन संच असलेला मासा तयार होतो आणि त्याची वीण होत नाही. मूळच्या जंगली माशांत त्याचे रक्त मिसळू नये, यासाठीच ही सगळी खटपट. त्याने अंडी घालावीत म्हणून त्याला परत सोडा, असा सल्ला तुमच्या पानावर छापून येतो, हे वाचून खरोखर वाईट वाटले.

आता परत सोडण्याबद्दल, कारण खरे नुकसान तिथे आहे. लेखात एका गृहस्थाचे कौतुक आहे. त्यांनी अळी लावून धरलेला २७ सेंटीमीटरचा ट्राउट, घशातला गळ चिमट्याने 'हळुवार' काढून परत सोडला. हा मासा बहुतेक मेला असणार. कृत्रिम माशीने किंवा 'चमच्याने' (गळाला लावलेल्या चकाकत्या पत्र्याने) धरून सोडलेल्या ट्राउटपैकी मरणारे साधारणपणे शेकडा पाचच्या आसपास किंवा त्याहून कमी असतात. अळीसारखे खरे आमिष टाकून वाट पाहत बसले की मासा ते गिळतो आणि हा आकडा पंचवीस-तीसवर जातो. गळ घशात गेला असेल तर तो ओढायचा नाही; दोरी तोंडाजवळ कापायची आणि गळ आतच ठेवायचा. ओढताना कल्ले किंवा हृदयाजवळची रक्तवाहिनी फाटते, तर आत राहिलेला गळ पुष्कळदा काही आठवड्यांत निघून जातो.

तेव्हा आमिषाला परवानगी आणि वर ३० सेंटीमीटरची अट, या जोडीचा अर्थ समजून घ्या. माणूस दिवसभरात दहा मासे धरतो, दहाही आखूड म्हणून सोडतो आणि रिकाम्या हाताने घरी जातो. मागे पाण्यात दोन-तीन मासे मरून तळाला जातात. ते कुणाच्या ताटात पडत नाहीत आणि कुठल्या हिशेबातही येत नाहीत. लांबीची अट नसती आणि दिवसाला तीन मासे एवढीच मर्यादा असती, तर तोच माणूस पहिले तीन घेऊन गळ गुंडाळून गेला असता.

मर्यादेबद्दलही लेखाने भाबडी आशा दाखवली आहे. दिवसाला माणशी सहा माशांची मर्यादा चारवर आणली की मासे वाचतील म्हणे. समजा, एका दिवशी १०० जण गळ टाकतात. ४० जणांना काहीच मिळत नाही, ३५ जणांना एकेक, १५ जणांना दोन-दोन, ५ जणांना तीन-तीन आणि पट्टीच्या ५ जणांना सहा-सहा. एकूण ११० मासे गेले. मर्यादा चारवर आणली तर १०० जातील, दोनवर आणली तर ८५. म्हणजे सहाचे चार केल्याने वाचतात अवघे दहा. मर्यादा हवीच, पण ती मासे चार लोकांत वाटले जावेत म्हणून. मासे जास्त दिवस टिकवायचे असतील तर एकदाच १,००० ओतण्याऐवजी दोन-दोन आठवड्यांनी २५० सोडा. आणि नियमात एक ओळ जरूर घाला: पिशवीत किंवा दोरीवर गेलेला मासा मोजला गेला, तो बदलून मोठा घेता येणार नाही. ही ओळ नसली की लोक दुपारपर्यंत लहान मासा दोरीवर जिवंत ठेवतात आणि मोठा मिळाला की अर्धमेला लहान पाण्यात फेकतात.

लांबीची अट कुठेच नको, असे माझे म्हणणे नाही. तळ्यात सात-आठ सेंटीमीटरची बोटुकली, म्हणजे माशांची पिल्ले, सोडली आणि पाण्यात डाफ्निया हा मासे खातात तो बारीक पाणजीव मुबलक असला, तर ती वाढेपर्यंत अट हवीच. जंगली ट्राउट स्वतःची वीण वाढवत असतील तिथे तर ती आणखी कडक हवी. अमेरिकेत मोंटाना राज्याने मॅडिसन नदीवरच्या अभ्यासानंतर १९७४ साली, जंगली ट्राउट टिकून असलेल्या नद्यांत केंद्रातले मासे सोडणेच बंद केले, कारण सोडणे थांबवल्यावर जंगली मासे वाढलेले दिसले. दोन्ही प्रकारचे मासे एकाच पाण्यात असतील तर सोडण्याआधी पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापतात. तो मुळापासून कापला की पुन्हा येत नाही. मग नियम एका ओळीत बसतो: पर नसलेला न्या, पर असलेला सोडा. त्याला फूटपट्टी लागत नाही.

आणि फूटपट्टी लावायचीच तर माप कुठून कुठपर्यंत, हे तरी लेखात यायला हवे होते. तोंड मिटून शेपटीच्या टोकापर्यंत घ्यायचे की शेपटीच्या खाचेपर्यंत? ३० सेंटीमीटरच्या ट्राउटमध्ये या दोन मापांत सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचा फरक पडतो. दंड होणार की नाही, हे नेमके तेवढ्यावर ठरते.

शेवटी लेखासोबतच्या छायाचित्राबद्दल. कोरड्या खडकावर ठेवलेला, कल्ल्यात बोट घालून उचललेला ट्राउट, आणि खाली ओळ: 'सोडण्यापूर्वी'. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रेनबो ट्राउटना आधी दमवले होते. नुसते दमवलेल्यांपैकी १२ तासांनंतर शेकडा ८८ जिवंत होते. त्यावर ३० सेकंद हवेत ठेवलेल्यांपैकी ६२ आणि ६० सेकंद ठेवलेल्यांपैकी २८. छायाचित्रासाठी नीट उभे राहायलाच मिनिट जाते. हात ओले, मासा पाण्यात, गळाचा उलटा काटा आधीच चिमट्याने दाबलेला, आणि पाणी २० अंशांवर गेले असेल तर सोडण्याच्या हेतूने मासे धरूच नयेत, हे त्या छायाचित्राखाली छापले असते तर उपयोग झाला असता. त्या चौकटीतल्या वाक्याची दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत यावी, ही विनंती. लोक ते वाक्य कापून भिंतीवर लावतील आणि पुढच्या बैठकीत हातात धरून बोलतील.

आपला,
एक नियमित वाचक