उसन्या रीडरबद्दल

प्रिय दादा,
स. न. वि. वि.

तुमचं नाव मी विचारलंच नाही, हे घरी आल्यावर आईने लक्षात आणून दिलं. "दोन दिवस त्याचं यंत्र घरात ठेवलंस आणि नाव नाही विचारलंस?" म्हणून हे असं उघडं पत्र. लॅमिंग्टन रोडवरचं तुमचं जिन्याखालचं दुकान, आणि शनिवारी भर दुपारी लॅपटॉप पोटाशी धरून आलेली मी. तुम्ही मला काकू म्हणालात. (ते थोडं लागलं होतं, पण असो.)

त्या दिवशी मी अर्धीच गोष्ट सांगितली होती. आईच्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार वाढलाय. समोरचं मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. मे महिन्यात तिने प्रेशरची गोळी साखरेची समजून दुसऱ्यांदा घेतली आणि मोरीच्या उंबऱ्यावर बसून राहिली. दोन्ही गोळ्या पांढऱ्या, दोन्ही वाटोळ्या. तेव्हा भाचा म्हणाला, डब्यांना एनएफसी टॅग लाव (म्हणजे फोन टेकवला की त्यावर लिहिलेलं फोनला वाचता येईल असा छोटा स्टिकर), आजीने फोन टेकवला की फोन बोलेल. आईच्या फोनला एनएफसी आहे, माझ्या फोनला नाही. आईच्या फोनवर टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, चालू असते; त्यामुळे प्रत्येक अक्षराला दोनदा टिचकी. त्यावर मराठीत पंधरा-वीस टॅग लिहायचे तर दिवाळी आली असती. शिवाय ती फोन हातातून सोडत नाही.

म्हणून मी हुशारी केली. टॅग लिहायचं मोबाइलचं ॲप लॅपटॉपवर चालवायचं! एम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपवर फोनचं सोंग आणणारा प्रोग्रॅम, उतरवला, त्यात ॲप टाकलं, ते छान उघडलं, आणि 'या उपकरणात एनएफसी नाही' म्हणून गप्प बसलं. चार रात्री मी सेटिंगं उलथीपालथी केली. वर टॅग समजून ऑनलाइन मागवलेले दहा निळे बिल्ले होतेच, लॅपटॉपला घासून घासून त्यांचा रंग जायचा राहिला होता.

तुम्ही हसला नाहीत. एक पांढरा स्टिकर काढलात, ट्यूबलाइटसमोर धरलात आणि म्हणालात, "काकू, आत बघा." गोल गोल फिरलेली तार दिसली, मध्ये खसखशीएवढा ठिपका. "याला बॅटरी नाही. हा दुसऱ्याच्या विजेवर जगतो. समोरच्या यंत्रातल्या गुंडाळीने लहरी सोडल्या की याच्या तारेत वीज येते, मग हा बोलतो. तुमच्या लॅपटॉपमध्ये ती गुंडाळीच नाही. एम्युलेटर फोनचा पडदा दाखवेल, गुंडाळी कुठून आणेल?" चार रात्रींचं उत्तर दोन मिनिटांत. मग माझा निळा बिल्ला तुम्ही रीडरवर, म्हणजे टॅग वाचायच्या-लिहायच्या यंत्रावर, ठेवलात. दिवा लालच्या लाल. तुमचा स्टिकर ठेवलात: टुक्, हिरवा. "हे तुमचे १२५ किलोहर्ट्झवाले आहेत, सोसायटीच्या गेटचे. एनएफसी १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतं. दिसायला सारखे, पण एकमेकांची भाषा यांना कळत नाही."

इथपर्यंत कुठल्याही चांगल्या दुकानदाराने केलं असतं. रीडर काढून द्या, मी म्हटलं, पैसे देते. आणि तुम्ही म्हणालात, "दोन दिवसांच्या कामाला कशाला घेता? उद्या दुकान बंद आहे. घेऊन जा, सोमवारी आणून द्या." एसीआर १२२ यू मॉडेलचा तो रीडर, पिशवीत घालून, वायरसकट. ना डिपॉझिट, ना फोन नंबर. एनएफसी टूल्स या टॅग लिहायच्या ॲपची लॅपटॉपवर चालणारी वेगळी आवृत्ती असते, हेही तुम्हीच सांगितलंत आणि तिथल्या तिथे टाकून दिलीत. मला फक्त एनटॅग २१३ जातीचे वीस एनएफसी स्टिकर विकलेत.

रविवारी सकाळी बसले. एनटॅग २१३ मध्ये लिहायला १४४ बाइट (म्हणजे तेवढीच जागा) मिळतात, हे तुम्ही बजावलं होतं; मला वाटलं, पुष्कळ झाले. पण मराठीचं एकेक अक्षर तीन बाइट खातं, आणि काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजायचं. नुसत्या 'रक्तदाबाची' या शब्दाला ३० गेले. 'सकाळी नाश्त्यानंतर रक्तदाबाची एक गोळी, पाण्याबरोबर' मावेना. शेवटी आई ज्या भाषेत बोलते तेच लिहिलं: 'प्रेशरची. सकाळी एक.' मावलं, आणि तिला कळायलाही तेच बरं.

टॅग गोळ्यांच्या खोक्यावर चिकटवला तर फोन मुका. तुमचं वाक्य आठवलं, "धातूपासून लांब ठेवा." खोका पुठ्ठ्याचा असला तरी आत गोळ्यांची चंदेरी पाकिटं अगदी टॅगच्या पाठीला लागून! मग पाकिटं प्लॅस्टिकच्या डब्यांत गेली आणि टॅग झाकणावर. स्वयंपाकघरातले डबे तर सगळे स्टीलचे. तिथे आईने जुन्या परकराची नाडी कापली, मी टॅग पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर चिकटवले आणि ते डब्यांच्या कडीला टांगले. मसाल्यांना टॅग लावू दिले नाहीत तिने, "वासाने कळतं मला." सोडा, पिठीसाखर आणि तांदळाची पिठी, एवढ्यांनाच परवानगी मिळाली.

आता ती फोन आधी उघडते, मग त्याची पाठ झाकणावर टेकवते आणि मान थोडी वळवून ऐकते. पहिल्या दिवशी तिने फोनला "हो, कळलं" असं उत्तर दिलं.

टॅग लॉक करू नका म्हणालात, एकदा लॉक झाला की कायमचा, ते फार बरं झालं. पुढच्याच महिन्यात डॉक्टरांनी साखरेची गोळी सकाळऐवजी रात्री केली. तेवढा एक टॅग मी आईच्याच फोनवरून बदलला, ती आंघोळीला गेली असताना टॉकबॅक पाच मिनिटं बंद करून. तिला अजून माहीत नाही. तुम्हीही सांगू नका.

सोमवारी रीडर परत द्यायला मुलुंडहून दादरला गाडी बदलून आले तेव्हा दुकानात गर्दी होती. तुम्ही पिशवी न उघडताच बाजूला ठेवलीत. तिच्यात बेसनाचे लाडू होते, ते मुंग्यांच्या आधी तुम्हाला सापडले असतील अशी आशा आहे. डबा परत नको.

आणि ते दहा निळे बिल्ले खरंच गेटचे निघाले. आमच्या सेक्रेटरींनी नोंदवून घेतले, मशीनने पहिल्या फटक्यात ओळखले. आता आमच्या विंगेतल्या कामवाल्या बायकांना वॉचमनला हाका मारत उभं राहावं लागत नाही.

आपली,
मुलुंडची काकू