ऑटोबान आणि आपला हायवे

म्युनिक

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

मी गाडी घेतली हे कळल्यापासून आईचा प्रत्येक फोन "हळू चालव गं" यावरच संपतो. त्यात बाबांनी कुठेतरी वाचलंय की जर्मनीत ऑटोबानवर, म्हणजे इथल्या महामार्गांवर, वेगाला मर्यादाच नसते. फोनवर तुमची समजूत पटत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मर्यादा नसते हे अर्धंच खरं आहे. ऑटोबानच्या बऱ्याच मोठ्या भागावर ती नाही, पण १९७८ पासून ताशी १३० किलोमीटरची शिफारस आहे. त्याहून वेगात असताना अपघात झाला, तर चूक समोरच्याची असली तरी भरपाईचा काही वाटा आपल्या गळ्यात पडू शकतो. शहर जवळ आलं, रस्त्याचं काम निघालं, की १२०, १००, ८० अशा पाट्या येतातच. ऑटोबान सोडला की साध्या रस्त्यांवर १००, गावात ५०, आणि वस्तीतल्या गल्ल्यांत बहुतेक ठिकाणी ३०. मी ऑटोबानवर ११०-१२० च्या वर जात नाही. सगळीकडे १३० ची सक्ती करावी की नाही, यावर इथे वर्षानुवर्षं वाद चालू आहे. माझ्या मते ती करायलाच हवी.

पण आई, इथे गाडी चालवताना माझ्या पोटात गोळा येत नाही, याचं कारण वेगळं आहे. शेजारची गाडी पुढच्या क्षणी काय करणार, हे मला आधीच माहीत असतं. इथे रहदारी रस्त्याच्या उजव्या बाजूने, त्यामुळे उजवी लेन चालायची आणि डावी फक्त ओव्हरटेकची. पुढे गेलं की मुकाट्याने परत उजवीकडे. चुकीच्या बाजूने ओव्हरटेक करायला मनाई. ट्रकना ८० ची मर्यादा, आणि रविवारी रात्री दहापर्यंत मोठ्या ट्रकना रस्त्यावर यायचीच बंदी.

मध्यंतरी श्टुटगार्टहून येताना पुढे अपघात झाला होता. गाड्यांचा वेग कमी होऊ लागला तसे सगळ्यांचे इंडिकेटर लुकलुकायला लागले. डाव्या लेनवाले डावीकडच्या कठड्याला चिकटले, बाकीचे उजवीकडे सरकले, आणि मधोमध एक लांबच लांब मोकळी वाट तयार झाली. तोवर रुग्णवाहिकेचा आवाजही ऐकू आला नव्हता. मग ती आली आणि कुठेही न थांबता निघून गेली. तिच्यामागून एकानेही गाडी घातली नाही. अशी वाट न सोडणाऱ्याला किमान २०० युरो दंड आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी असते, पण त्या वेळी कोणी दंडाचा विचार करत असेल असं वाटलं नाही. हातच तसे वळले होते.

हे वळण लावलं जातं. आपलं भारतातलं लायसन्स इथे राहायला आल्यावर सहाच महिने चालतं. मग डोळ्यांची तपासणी, प्रथमोपचाराचा वर्ग, लेखी परीक्षा आणि प्रत्यक्ष गाडीची परीक्षा. माझे शिक्षक लेन बदलताना दर वेळी मान वळवून खांद्यावरून मागे बघायला लावायचे. आरशात कोणी नसलं तरी बघायचंच. ती सवय आता जाणार नाही.

आणि बाबा, आता दंडाचं. ऑफिसमधल्या एकाला ३० च्या रस्त्यावर कॅमेऱ्याने पकडलं. यंत्रात आला ५४, त्यातून मोजण्यातल्या फरकाचे ३ वजा झाले, उरले ५१. घरी पत्र आलं, त्यात चाकामागे बसलेल्या त्याचा स्वतःचा फोटो, तारीख, वेळ. शेजारी बसलेल्या बायकोचा चेहरा झाकलेला होता. ११५ युरो, म्हणजे दहा हजारांच्या वर, आणि फ्लेन्सबुर्गच्या वाहतूक कार्यालयात त्याच्या नावावर एक दंडाचा गुण. असे आठ गुण झाले की लायसन्स गेलं. गाडी कोणाची याला महत्त्व नाही, चालवत कोण होतं तो भरतो. फिनलंडमध्ये तर मोठ्या उल्लंघनाचा दंड कमाईवर ठरतो. २०२३ मध्ये तिथे ५० च्या रस्त्यावर ८२ ने गेलेल्या एका श्रीमंत गृहस्थाला १ लाख २१ हजार युरो भरावे लागले.

आपल्याकडे दादा गाडी पिटाळतो आणि ई-चलनाचा मेसेज येतो तुमच्या मोबाइलवर. तुम्ही म्हणता, "राहू दे, लोकअदालतीत कमी करून भरू." बाबा, मला हे खरंच पटत नाही. त्याच्या खिशाला चटका बसत नाही आणि तुम्ही पाठीशी घालता, मग तो का सुधारेल? २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्याच वर्षी जर्मनीत २,७८८. आपली लोकसंख्या इथल्या सतरापट धरली तरी हा हिशोब बसत नाही. सरकारी अहवालातच म्हटलंय की त्यातले बहुतेक मृत्यू अतिवेगामुळे झाले. रस्ते आता आपल्याकडेही उत्तम होताहेत, समृद्धीवर तर १२० ची मुभा आहे. म्हणूनच जास्त काळजी वाटते.

तेव्हा माझी काळजी करू नका, तुमची मला लागून राहिलीय. कराडहून पुण्याला रात्रीचं निघू नका. खंबाटकीच्या बोगद्यापुढचं ते वळण आणि उजव्या लेनमध्ये रेंगाळणारे ट्रक, अंधारात दोन्ही नकोत. आई, मागच्या सीटवर बसलीस तरी पट्टा लावायचाच. साडी चुरगळते हे कारण मी ऐकणार नाही. उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले तेव्हा मागेच बसले होते, पट्टा नव्हता. बाबा, मोतीबिंदूची तपासणी दोनदा पुढे ढकललीत, ती या महिन्यात करून घ्या, आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला जसंच्या तसं कळवा. पुढचं चलन आलं की दादाकडून पूर्ण पैसे भरून घ्या. मी त्याला रविवारी फोन करणारच आहे.

तुमची,
लेक